मोहावी वाळवंटातली ओसाड जंक्शनं: ती गावं होती की नुसती स्टेशनं?

सांधेवाला

नमस्कार मंडळी. दक्षिण कॅलिफोर्नियात राहणारे आम्ही काही मराठी भटके मोहावी वाळवंटातल्या नामशेष गावांची यादी करतोय. खाणींच्या गावांबद्दल कुणाचं दुमत नाही. नेवाडाच्या हद्दीतलं रायोलाइट घ्या. १९०७ च्या सुमारास तिथे हजारोंची वस्ती होती, तीन रेल्वे कंपन्यांच्या गाड्या येत होत्या. १९१० च्या जनगणनेत ६७५ माणसं उरली. बँकेच्या भिंती आजही उभ्या आहेत, त्यामुळे यादीत ते आपोआप गेलं.

वाद पेटलाय तो रेल्वे जंक्शनांवरून. आमच्यातल्या निम्म्या लोकांचं म्हणणं असं की क्रुसेरोसारखं ठिकाण म्हणजे रुळांची फुली, त्याला गाव कशाला म्हणायचं?

क्रुसेरो ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फ्रान्सिस मॅरियन स्मिथ या टाकणखाराच्या व्यापाऱ्याने टोनोपा अँड टाइडवॉटर नावाची रेल्वे काढली. १९०५ मध्ये मोहावीतल्याच लडलो या स्टेशनाहून काम सुरू झालं आणि १९०७ मध्ये ती उत्तरेला नेवाडातल्या बीटी गावाजवळ गोल्ड सेंटरला पोचली. ही लाइन लॉस एंजेलिस ते सॉल्ट लेक सिटी या मुख्य लाइनला जिथे छेदते ते क्रुसेरो. खाणींकडे जाणारे इथे गाडी बदलत. १९३३ मध्ये लडलो ते क्रुसेरो हा तुकडा बंद पडला, १९४० मध्ये उरलेली रेल्वेही थांबली, आणि दुसऱ्या महायुद्धात लोखंडासाठी रूळ उखडून नेले. मुख्य लाइन आता युनियन पॅसिफिककडे आहे. मालगाड्या धडधडत जातात, थांबत एकही नाही.

माझं मत स्पष्ट आहे. जिथे माणसं रात्री झोपली, चूल पेटली, कुणी कुणाची वाट पाहिली, ती वस्ती होती. पोट कशावर चालत होतं यावरून तिचा दर्जा ठरवू नये. खाणीवर जगलेलं गाव खरं आणि रुळावर जगलेलं खोटं, हा भेद मला पटत नाही. तुमचं काय म्हणणं?

जुना_नकाशा

विषय आवडला, पण मी दुसऱ्या बाजूचा. नकाशावर नाव आहे एवढ्याने वस्ती सिद्ध होत नाही, आणि रेल्वेच्या बाबतीत तर मुळीच नाही. बार्स्टोकडून पूर्वेला जाणारी सांता फे रेल्वे कंपनीची लाइन १८८३ मध्ये पुरी झाली. तिच्यावरची नावं बघा: अँबॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅनबी, एसेक्स, फेनर, गॉफ्स. इंग्रजी बाराखडी ओळीने लावलीय. पुढे काही बदलली, पण क्रम अजून दिसतो. तिथे गाव होतं आणि त्याचं नाव रेल्वेने घेतलं, असं झालेलं नाही. कचेरीत बसून कुणीतरी कागदावर नावं टाकली. काही ठिकाणी सायडिंग (गाडी बाजूला घ्यायचा रूळ), पाण्याची टाकी आणि गँगच्या दोन खोल्या यापलीकडे कधी काही उभं राहिलंच नाही.

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने स्थळनावांची नोंद करताना 'लोकवस्ती' आणि 'ठिकाण' असे दोन वर्ग वेगळे ठेवले होते, ते उगाच नाही. सगळी सायडिंगं गावांच्या यादीत घातलीत तर रायोलाइटसारख्या ठिकाणी लोकांनी जे घडवलं त्याची किंमत कमी होते.

सांधेवाला

@जुना_नकाशा, नाव आधी आणि माणसं नंतर, हे मान्य. पण त्याने वस्ती खोटी कशी ठरते? लास वेगास बघा. १९०२ मध्ये रेल्वेने तिथली कुरणाची जमीन विकत घेतली ती झऱ्यांच्या पाण्यासाठी. बाष्पइंजिनाला पाणी लागे आणि लॉस एंजेलिस व सॉल्ट लेकच्या मध्ये तिथे ते होतं. मग १५ मे १९०५ ला रेल्वेने भूखंडांचा लिलाव केला. कागदावर आखलेलं, रेल्वेने जन्माला घातलेलं गाव. क्रुसेरो त्याच लाइनवरचं. एक वाढलं आणि दुसरं मेलं, म्हणून दुसरं कधी नव्हतंच असं म्हणायचं का?

बार्स्टोसुद्धा आधी वॉटरमन जंक्शन होतं. १८८६ मध्ये सांता फेच्या अध्यक्षांचं मधलं नाव त्याला मिळालं.

कोयनाकाठ

सांधेवाला, लास वेगासचं उदाहरण तुम्ही दिलंत, पण ते तुमच्याच विरोधात जातं. तिथे लिलाव झाला! शिंप्याने, दारूवाल्याने, खानावळवाल्याने पैसे मोजून भूखंड घेतला. रेल्वेने उद्या काढून टाकलं तरी माणूस तिथे राहू शकत होता. वाळवंटातल्या सायडिंगवर हे नव्हतं. खोली कंपनीची, पाणी कंपनीचं, जळणही कंपनीच्या गाडीतून उतरणार. नोकरी गेली की बिऱ्हाड उचलायचं. कुणाला तिथे म्हातारं होता येत नव्हतं.

मी बांधकाम क्षेत्रात काम करतो. धरणाच्या कामावर हजारभर माणसं वर्षानुवर्षं राहतात, पत्र्याच्या शेडमध्ये पोरं जन्मतात. काम संपलं की ते 'साइट' होतं, गाव नव्हे. मला यात कुणाचा अपमान वाटत नाही. पण आपण इथलेच आहोत असं तिथल्या माणसाला म्हणता येतं का, हा माझ्यासाठी मुख्य प्रश्न.

भुसावळची_मेधा

कोयनाकाठ दादा, हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझं सगळं बालपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. वडील लोको शेडला होते. घर आमचं नव्हतं, भिंतीला खिळा ठोकायचा तरी आई विचार करायची. बाबा निवृत्त झाले आणि आम्ही क्वार्टर सोडलं. पण कुणी "गाव कुठलं?" विचारलं तर आजही तोंडून भुसावळच येतं. गणपती तिथे बसला, आजी तिथेच गेली, शेजारच्या तेलुगू काकूंनी मला पोहायला शिकवलं. सातबारा नसला म्हणून त्या ओळीतली घरं साइट होती असं कुणी म्हटलं तर मी भांडेन.

तुम्ही म्हणता तशा धरणाच्या शेडमधल्या पोरांनाही विचारा हो, ती कुठली म्हणून. त्यांच्याकडे दुसरं उत्तर नसतं.

कोयनाकाठ

मेधाताई, तुमच्या बोलण्याला माझ्याकडे प्रत्युत्तर नाही, आणि द्यावंसंही वाटत नाही. पण भुसावळ शहर क्वार्टरच्या कुंपणाबाहेर होतंच. बाजार, शाळा, दवाखाना. वाळवंटात कुंपणाबाहेर वाळू. तेवढा फरक मनात ठेवून पुढचं वाचतो.

बार्स्टोच_वाटेवर

वाळू होती, पण ती माणसं शहाणी होती. मी मोहावी राष्ट्रीय संरक्षित क्षेत्रात अनेकदा जातो, म्हणून केल्सोबद्दल जरा सविस्तर लिहितो. या वादाचं उत्तर बऱ्यापैकी तिथे सापडतं.

केल्सो सुरू झालं तेव्हा त्याला नावही नव्हतं, 'सायडिंग क्रमांक १६' म्हणत. नाव ठरवताना कामगारांनी टोपीत चिठ्ठ्या टाकल्या आणि त्यातली एक काढली, अशी हकीकत तिथे सांगतात. पूर्वेला सायमापर्यंत २.२ टक्क्यांचा चढ आहे. आपल्या कर्जत-लोणावळा घाटात बँकर इंजिन लावतात, तसंच इथे जादा इंजिन जोडावं लागे. म्हणजे इंजिनं ठेवायची शेड हवी, ड्रायव्हर-फायरमनना झोपायला जागा हवी, आणि मुख्य म्हणजे पाणी हवं. ते केल्सोला मिळालं, म्हणून माणसं थांबली.

१९२४ मध्ये तिथे स्पॅनिश धाटणीची देखणी स्टेशन-इमारत उभी राहिली. खाली खानावळ, वर कर्मचाऱ्यांच्या खोल्या. आसपासच्या लोकांसाठी तेच एकत्र यायचं ठिकाण. मग युद्ध आलं. हेन्री कायझरच्या फोंटाना इथल्या पोलाद कारखान्याला व्हल्कन खाणीतून लोहखनिज जाऊ लागलं, ते केल्सोहून गाडीत भरत. त्या काळात वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. पुढे खाण थांबली, आणि डिझेल इंजिनं आल्यावर बँकरची गरजच उरली नाही. पाणी भरायला थांबायचं कारण संपलं, तसं राहायचं कारणही संपलं. १९८५ मध्ये इमारत बंद झाली. लोकांनी ती पाडू दिली नाही, यासाठी त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. २००५ मध्ये तिथे पर्यटकांसाठी माहिती केंद्र सुरू झालं.

आता मला कुणी सांगा, केल्सो नेमकं कधी गाव झालं? सायडिंग १६ असताना नव्हतं आणि दोन हजार असताना होतं, तर मधली रेघ कुठे? मला ती सापडत नाही. म्हणूनच छोट्या जंक्शनांना यादीबाहेर ठेवताना हात थबकतो.

आणि कोयनाकाठ, लडलोला स्वतःचं पाणी नव्हतंच. नाव दिलं तेव्हापासून न्यूबेरीच्या झऱ्यांचं पाणी टाकीच्या वाघिणींतून तिथे येई. गाडी चुकली की तहान. तरीही तिथे दुकानं चालली, दक्षिणेच्या सोन्याच्या खाणीकडे जाणारा वेगळा फाटा निघाला, आणि कब्रस्तानही झालं. साधे लाकडी क्रूस आहेत, नावं नसलेले. तिथे म्हातारं होता येत नव्हतं हे खरं असेल. मरणं मात्र तिथेच झाली.

रानवारा

बगदादचं नाव कुणीच घेतलं नाही अजून! मोहावीतलं बगदाद, अँबॉयच्या पश्चिमेला. आज तिथे इमारत म्हणून एकही नाही. पण हवामानाच्या नोंदींत ते अजरामर आहे: ३ ऑक्टोबर १९१२ ते ८ नोव्हेंबर १९१४, सलग ७६७ दिवस पाऊस नाही. अमेरिकेतला हा विक्रम आहे.

मला यात दुष्काळापेक्षा दुसरीच गोष्ट दिसते. पाऊस पडला नाही हे कळायला रोज कुणीतरी पर्जन्यमापकापाशी जाऊन बघावं लागतं. दोन वर्षांहून जास्त काळ, भट्टीसारख्या उन्हात, त्या बगदादमध्ये कुणीतरी रोज शून्य लिहिलं. नुसत्या रुळांच्या सांध्यावर हे होत नाही. त्यासाठी तिथे राहावं लागतं.

जुना_नकाशा

@रानवारा, हा मुद्दा मनापासून आवडला. पण स्टेशनवरचा तारबाबूही ती नोंद करू शकतो. एक माणूस कामावर होता, इतकंच त्यातून सिद्ध होतं. बगदाद वस्ती होती हे मला मान्य आहे, पण ते तिथल्या इतर गोष्टींमुळे.

माझी कसोटी साधी आहे. तिथे असं काही होतं का, जे रेल्वेला चालण्यासाठी लागत नव्हतं? शाळा रेल्वेला लागत नाही. किराणा, नाचगाण्याची जागा, देवाचं घर, यातलं काही रेल्वेला लागत नाही. ते माणसांना लागतं. असं एकही चिन्ह दाखवा, मी यादीत नाव घालीन. नुसती टाकी, गँगच्या खोल्या आणि तारघर असेल तर नाही.

अमृतवेल

या कसोटीवर गॉफ्स सहज उतरतं, आणि त्याची गोष्ट मला फार जवळची आहे, म्हणून सांगते.

गॉफ्स हे खरंखुरं जंक्शन. १८९३ मध्ये तिथून उत्तरेला नेवाडा सदर्न नावाची छोटी रेल्वे निघाली, ती पुढे बार्नवेलपर्यंत आणि १९०७ मध्ये सर्चलाइटच्या सोन्याच्या खाणींपर्यंत गेली. या फाट्याच्या वाटेवर लॅनफेअरचं खोरं आहे. १९१० नंतर सरकारी जमीन मिळते म्हणून शेतकरी कुटुंबं तिथे आली. त्यात कृष्णवर्णीय कुटुंबंही होती, त्यांनी डनबार नावाची वस्ती वसवली. उंचावरचं खोरं, पावसावर शेती. काही वर्षं बरा पाऊस झाला, मग तो आटला. पाण्यावरून गुरांच्या मोठ्या कंपनीशी संघर्ष होता तो वेगळाच.

या विखुरलेल्या घरांचं जगाशी नातं ज्या रुळावरून होतं, त्याचं टोक गॉफ्स. बियाणं, पत्रं, आजारी माणूस, सगळं तिथूनच. १९१४ मध्ये गॉफ्सला शाळेची इमारत बांधली. गावातल्या रेल्वे कामगारांची मुलं तिथे शिकली, त्यात मेक्सिकन घरांतली पुष्कळ होती. १९२३ च्या पुराने फाट्याचे रूळ वाहून गेले आणि पुढच्या वर्षी तो कायमचा बंद झाला. १९३७ पर्यंत शाळा चालली. पुढे ती पडायला आली होती. मोहावीचा वारसा जपणाऱ्या स्वयंसेवकांच्या संस्थेने ती पुन्हा उभी केली, आज तिथे संग्रहालय आहे. नक्की बघा, त्या माणसांनी जीव ओतलाय.

मला म्हणायचंय ते असं: जंक्शन बघताना फलाटाभोवतीचीच घरं मोजू नका. दहा-वीस मैलांवरच्या झोपड्याही त्याच जंक्शनच्या होत्या.

सांधेवाला

अमृतवेल, फार महत्त्वाचं बोललात. जुना_नकाशांच्या कसोटीबद्दल मला एक खटकतं, ते त्यांच्यापुढे ठेवतो. रेल्वेला न लागणारं काही दिसलं पाहिजे, हे ठीक. पण ते दिसायला कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. शाळेची नोंद होते, पोस्टाची होते. गँगवर काम करणाऱ्या मजुरांनी संध्याकाळी काय उभारलं ते कुणी लिहिलं? मोहावी गावापासून नीडल्सपर्यंतचा मार्ग १८८२-८३ मध्ये घातला तो बहुतांश चिनी मजुरांनी. त्यांच्या राहुट्या कुठे होत्या, कुणाला ठाऊक?

एक उदाहरण देतो, ते वाळवंटी रेल्वेचंच आहे. न्यू मेक्सिकोतल्या लगुना प्वेब्लो या मूळ अमेरिकन समाजाने १८८० मध्ये अटलांटिक अँड पॅसिफिक रेल्वेशी करार केला. आमच्या जमिनीतून रूळ न्या, बदल्यात आमच्या लोकांना कायम नोकऱ्या द्या. दरवर्षी त्यांची माणसं रेल्वेकडे जाऊन या वचनाची उजळणी करत. त्याला ते फुलाला पाणी घालणं म्हणत. पुढे गॅलप, विन्सलो, बार्स्टो अशा रेल्वेगावांत लगुना कुटुंबं राहिली, कित्येक जण मालगाडीच्या रिकाम्या डब्यांत. तिथे त्यांचे स्वतःचे पुढारी होते, सण होते, मूळ गावाशी बांधलेला कारभार होता. राहायला डबा, जागा रेल्वेची, पण समाज पुरेपूर. जमिनीची मालकी आणि विटांची शाळा या दोन चाळण्यांतून हे सगळं गळून पडतं.

माळावरची

थोडा वेगळा मुद्दा, पण मला तो आवश्यक वाटतो. आपण सगळे असं बोलतोय की रेल्वे यायच्या आधी तिथे काहीच नव्हतं. मोहावी आणि चेमेहुएवी लोक त्या वाळवंटात पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. झऱ्यापासून झऱ्यापर्यंतच्या त्यांच्या वाटा होत्या, ऋतूप्रमाणे ते जागा बदलत. गोऱ्या प्रवाशांनी त्याच वाटेवरून गाड्या नेल्या. बाष्पइंजिनंही पाण्यासाठी पुष्कळदा त्याच झऱ्यांवर अवलंबून राहिली.

म्हणून कायम घर, कायम माणसं, कायम पत्ता, या कसोट्या लावताना जपून. त्या लावल्या तर जंक्शनं बाद होतील, पण त्यांच्याबरोबर हे लोकही बाद होतील. यादीत प्रत्येक ठिकाणाच्या नोंदीत जवळचा झरा आणि तिथले मूळ लोक यांचा उल्लेख असावा, ही विनंती.

सांधेवाला

माळावरची, हे आम्ही नक्की करणार. यादीत तसा रकानाच नव्हता, आता घालतो.

रानवारा

जगात इतरत्र बघितलं तरी हाच गुंता आहे. सुदानात १८९७ मध्ये वादी हाल्फा ते अबू हमद अशी लाइन वाळवंटातून टाकली. मधल्या स्टेशनांना नावंच नाहीत, क्रमांक आहेत. विहिरींना पाणी लागलं ते चार आणि सहा क्रमांकाला. ऑस्ट्रेलियात नलरबॉरच्या माळावर कुक नावाचं गाव १९१७ मध्ये रेल्वेसाठीच वसलं. शाळा, दवाखाना, पोहायचा तलाव, सगळं होतं. १९९७ मध्ये रेल्वेचं खासगीकरण झालं आणि गाव रिकामं झालं. जंक्शन नाही ते, पण कुकला कुणी गाव नव्हतं म्हणेल असं वाटत नाही.

जुना_नकाशा

चर्चा चांगली झाली, म्हणून माझी भूमिका नीट मांडतो. केल्सो, लडलो, गॉफ्स, बगदाद, बार्नवेल: निर्विवाद वस्त्या. लगुनांच्या डब्यांच्या वसाहतीही, आणि तिथे सांधेवाला म्हणतात ते मला पटतं, की शाळा-पोस्टापलीकडचे पुरावे शोधायला हवेत. कुटुंबं होती का, एवढं जनगणनेच्या मूळ पानांवर बघता येतं. गणना करणारा सायडिंगवरही जायचा. गँगच्या खोलीत बायका-मुलांची नावं दिसली तर माझा आक्षेप संपला. फक्त पुरुष मजुरांची यादी दिसली तर ते ठिकाण वेगळ्या यादीत, 'रेल्वेची ठाणी' म्हणून. क्रुसेरोबद्दल मी अजून राजी नाही. पानं बघून ठरवू.

सांधेवाला

जनगणनेची कल्पना उत्तम. १९१०, १९२० आणि १९३० ही तिन्ही वर्षं क्रुसेरोच्या चालू काळातली आहेत. सॅन बर्नार्डिनो जिल्ह्याची पानं वाटून घेऊ. पण आपला मतभेद राहणार, कारण फक्त पुरुष राहिले असले तरी मी त्याला वस्तीच म्हणेन. घरी पैसे पाठवणारा, वर्षानुवर्षं एका टाकीच्या सावलीत जगलेला माणूस तिथला रहिवासी नव्हता असं माझ्याच्याने लिहवणार नाही. दोन याद्या करायच्या तर करू, पण दोन्ही छापू.

भुसावळची_मेधा

१९२० ची पानं मी वाचते. जुन्या वळणदार अक्षराची मला सवय आहे.

बार्स्टोच_वाटेवर

प्रत्यक्ष क्रुसेरोला जाणाऱ्यांसाठी: शेवटचा रस्ता मऊ वाळूचा आहे, चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी आणि शक्यतो दोन गाड्या सोबत असाव्यात. पाणी लागेल त्याच्या दुप्पट घ्या, उन्हाळ्यात जाऊच नका. युनियन पॅसिफिकची लाइन चालू आहे, रुळांवर किंवा पुलांवर पाऊल टाकू नका. जुन्या मातीच्या भरावावर बाटल्यांचे तुकडे, खिळे, डबे दिसतील. ते उचलू नका, जागेवरच फोटो काढा आणि अक्षांश-रेखांश इथे टाका. कुठे चुलीचे दगड किंवा घराचा पाया दिसला तर आधी तो, कारण जुना_नकाशांना पुरावा हवाय.